वऱ्हाडातील लहान मुलाचा वाढदिवस : आयुष्य, नोंद आणि कुटुंब

प्रस्तावना :

लहान मुलाचा वाढदिवस हा आज अमरावती आणि अकोला या शहरांतच नव्हे, तर वऱ्हाडातील लहानसहान खेड्यांतही घराघरांत साजरा होणारा प्रसंग झाला आहे. पाटाभोवती रांगोळी, आईने व आजीने केलेले औक्षण, टेबलावर ठेवलेला केक, भिंतीवर लावलेले फुगे आणि नातेवाइकांच्या भ्रमणध्वनीतील छायाचित्रे असे त्याचे सर्वपरिचित स्वरूप आहे. हा प्रसंग इतका सवयीचा झाला आहे की त्यामागे काही इतिहास असेल, असा विचार सहसा मनात येत नाही. वस्तुतः दोन-तीन पिढ्यांपूर्वी याच प्रदेशातील बहुसंख्य शेतकरी व कष्टकरी कुटुंबांत मुलाचा जन्म कोणत्या तारखेस झाला हेही निश्चितपणे माहीत नसे. ज्यांच्या आजोबांना स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती, त्या घरातील नातवाचा वाढदिवस आज थाटाने होतो. हे परिवर्तन केवळ आवडीनिवडीचे नाही. धर्माचार, कालगणना, शासकीय नोंद, बालआरोग्य, शिक्षण आणि बाजारपेठ या सर्वांचा त्यात वाटा आहे.

प्रस्तुत लेखात वऱ्हाडातील बालकाच्या वाढदिवसाचा या अंगांनी परामर्श घेतला आहे. विवेचनाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून ते उपलब्ध इतिहास, कायदे, शासकीय आकडेवारी आणि प्रचलित लोकाचार यांवर आधारलेले आहे.

उद्दिष्टे :

१) वाढदिवसाच्या पारंपरिक संकल्पनेचा अर्थ स्पष्ट करणे.
२) तिथी, तारीख व जन्मनोंद यांचा परस्परसंबंध समजावून घेणे.
३) वऱ्हाडातील समाजप्रबोधनाच्या परंपरेच्या संदर्भात बालसमारंभांतील खर्चाचा विचार करणे.
४) बालकाच्या दृष्टीने वाढदिवसाचे महत्त्व व कुटुंबाची भूमिका विशद करणे.

१. ‘वाढदिवस’ : शब्द आणि संकल्पना

‘वाढदिवस’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. जन्मदिवस म्हटले की घडून गेलेल्या घटनेचे स्मरण होते. वाढदिवस म्हटले की वाढीकडे लक्ष जाते. संस्कृतातील ‘वर्धापन’ हा शब्दही ‘वृध्’ म्हणजे वाढणे या धातूपासून आला आहे. आज संस्थांच्या ‘वर्धापनदिना’त तो रूढ असला तरी मुळात तो व्यक्तीच्या आयुष्यवृद्धीशी निगडित होता. फारसीतून आलेल्या ‘सालगिरह’ या शब्दाचा अर्थ ‘वर्षाची गाठ’ असा होतो. दरवर्षी दोऱ्याला एक गाठ मारून वय मोजण्याच्या प्रथेतून तो आला असून हिंदीतील ‘वर्षगाँठ’ हा त्याच आशयाचा शब्द आहे. एका शब्दाने वाढ सांगितली, तर दुसऱ्याने मोजणी.

वऱ्हाडातील घराघरांत दिला जाणारा ‘औक्षवंत हो’ हा आशीर्वादही लक्षात घेण्याजोगा आहे. ‘औक्ष’ हे ‘आयुष्य’ या शब्दाचे बोलीतील रूप होय. निरांजनाने ओवाळून, कपाळी कुंकू व अक्षता लावून केले जाणारे औक्षण म्हणजे मुलाला आयुष्य लाभावे यासाठी केलेली मूक प्रार्थनाच असते. मुलांचे आयुष्य अनिश्चित होते त्या काळात ही प्रार्थना औपचारिक नव्हती, याची जाणीव ठेवणे आवश्यक आहे.

२. शास्त्रोक्त वर्धापन आणि लोकाचार

वाढदिवस साजरा करणे ही सर्वस्वी पाश्चात्त्य कल्पना आहे, असा समज पुष्कळदा आढळतो. तो पूर्णतः बरोबर नाही. पंढरपूरचे काशीनाथ उपाध्याय यांच्या अठराव्या शतकाच्या अखेरीस रचल्या गेलेल्या ‘धर्मसिंधू’ या ग्रंथात या विधीचे वर्णन येते. भारतरत्न पां. वा. काणे यांनीही धर्मशास्त्राच्या इतिहासात ‘वर्षवर्धन’ अथवा ‘अब्दपूर्ती’ या नावाने त्याचा परामर्श घेतला आहे. बाळाच्या पहिल्या वर्षात दर महिन्याच्या जन्मतिथीस आणि त्यानंतर दरवर्षी जन्मतिथीस हा विधी करावा, असे सांगितले आहे. मार्कंडेय ऋषी आणि अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, विभीषण, कृप व परशुराम या सात चिरंजीवांचे पूजन आणि तीळ-गूळ घातलेल्या दुधाचे प्राशन हे त्याचे मुख्य भाग होत. त्या दिवशी केस व नखे कापणे, प्रवास, मांसाहार, हिंसा आणि भांडण वर्ज्य मानले आहे. अल्पायुषी ठरूनही मृत्यूवर मात करणाऱ्या मार्कंडेयाची या विधीसाठी झालेली निवड बोलकी आहे.

तथापि हा विधी पंचांग वाचणाऱ्या व पौरोहित्याशी संबंध असलेल्या मर्यादित वर्गापुरताच होता. वऱ्हाडातील बहुजन समाजात मुलाचे कौतुक त्याच्या स्वतंत्र जन्मदिनी होत नसे. ते सणावारांच्या चक्रात गुंफलेले असे. पाचवीची किंवा सटवाईची पूजा, बारसे, जावळ, कान टोचणे हे विधी जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत होत. जावळाच्या वेळी मूल मामाच्या मांडीवर बसे. बारशाला आत्याचा मान असे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या काळात लहान मुलांचे बोरन्हाण होते. काही घरांत त्यालाच ‘लूट’ असेही म्हणतात. काळे कपडे व हलव्याचे दागिने घातलेल्या बाळाच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, शेंगा, चुरमुरे ओतायचे आणि जमलेल्या मुलांनी ते लुटायचे, असा हा आनंदाचा प्रकार आहे. आश्विनातील आठवीच्या पूजेत मुलाबाळांच्या कल्याणासाठी ज्वारीच्या आंबिलीचा नैवेद्य दाखविला जातो. कोजागरीला ज्येष्ठ अपत्यास ओवाळले जाते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल घेऊन निघालेल्या मुलांच्या हातावर घरोघरी खाऊ अथवा पैसे ठेवले जातात. होळीच्या सुमारास मुलांच्या गळ्यात साखरेच्या गाठ्या घातल्या जातात.

या सर्व प्रथांत एक समान सूत्र आहे. कौतुक एकट्या मुलाचे नसून गल्लीतील सर्व मुलांचे होते. बोरन्हाणात एका बाळाच्या डोक्यावरून ओतलेला खाऊ इतरांच्या ओट्यात जातो. तान्ह्या पोळ्यात तर यजमान आणि पाहुणा असा भेदच उरत नाही. आधुनिक वाढदिवसाने या सामूहिक कौतुकाच्या जागी एका मुलाचा स्वतःचा दिवस आणला, हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा बदल म्हणता येईल. त्यात लाभ आहे, तसाच धोकाही आहे. घरातील प्रत्येक मुलाची, विशेषतः मुलीची, स्वतंत्र दखल घेतली जाते हा लाभ. आणि एकाचा दिवस दुसऱ्याच्या दिवसाशी तोलला जातो हा धोका.

३. तिथी आणि तारीख

बाळाचा पहिला वाढदिवस तिथीने करावा की तारखेने, हा प्रश्न आजही अनेक घरांत आजी-आजोबा आणि तरुण आई-वडील यांच्यात चर्चिला जातो. त्याचे उत्तर कालगणनेच्या रचनेत आहे. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, तर सौरवर्ष सुमारे ३६५ दिवसांचे असते. म्हणून तिथीने येणारा वाढदिवस दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. हे अंतर भरून काढण्यासाठी साधारणतः बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास येतो आणि त्या वर्षी तिथी पुन्हा पुढे जाते.

उदाहरणादाखल २०२३ च्या गुढीपाडव्यास, म्हणजे २२ मार्च रोजी जन्मलेले बालक घेऊ. त्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे पुढील पाडवा ९ एप्रिल २०२४ रोजी आला. तारखेने त्या मुलाचे वर्ष २२ मार्चलाच पूर्ण झाले. तिथीने मात्र आणखी अठरा दिवस थांबावे लागले. त्यापुढील पाडवा ३० मार्च २०२५ रोजी होता. एकोणीस सौरवर्षे आणि दोनशे पस्तीस चांद्रमास यांचा कालावधी जवळजवळ सारखा असल्याने एकोणिसाव्या वाढदिवशी तिथी व तारीख पुन्हा एकत्र येतात, फार तर एखाद्या दिवसाचा फरक पडतो.

सार्वजनिक जीवनातही हा प्रश्न सुटलेला नाही. छत्रपती शिवाजी महाराजांची जयंती महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी ही तारीख मानून निश्चित केली असली तरी फाल्गुन वद्य तृतीयेस तिथीप्रमाणेही ती साजरी होते. घरगुती पातळीवर अनेक कुटुंबांनी सुज्ञ तडजोड केलेली दिसते. तिथीच्या दिवशी सकाळी औक्षण व देवदर्शन आणि तारखेच्या दिवशी संध्याकाळी केक, असे दोन्ही होते. मात्र लसीकरण, शाळाप्रवेश आणि वजन-उंचीची तपासणी यांसाठी तारखेचे वयच ग्राह्य धरले पाहिजे, याविषयी संदिग्धता असू नये.

४. आठवणीतला जन्म आणि कागदावरील जन्म

वाढदिवस साजरा करण्याची पहिली अट म्हणजे जन्मदिवस माहीत असणे. वऱ्हाडातील कृषक समाजात ही माहिती तारखेच्या नव्हे, तर घटनांच्या आधारे जपली जाई. ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला’, ‘कापूस वेचणीत झाली’, ‘मोठ्या पुराच्या साली झाला’ अशा खुणा आईच्या व आजीच्या स्मरणात असत. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने वऱ्हाडची लोकसंख्या इतकी घटली की १९०१ च्या जनगणनेत ती १८९१ च्या तुलनेत सुमारे पाच टक्क्यांनी कमी भरली. असे दुष्काळ आणि साथी याच कित्येक कुटुंबांच्या कालगणनेतील मैलाचे दगड होत्या. जनगणनेत वय सांगताना शून्य किंवा पाच या अंकांनी संपणारे वय सांगण्याची प्रवृत्ती देशभर आढळते, त्याचे कारणही हेच आहे.

ब्रिटिश अमलात गावच्या कोतवालामार्फत जन्म-मृत्यूची नोंद ठेवली जाऊ लागली. ‘कोतवाल बुक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नोंदींचे महत्त्व जात पडताळणीसाठी जुने पुरावे शोधणाऱ्या विदर्भातील विद्यार्थ्यांना व पालकांना चांगलेच ठाऊक आहे. या नोंदींत बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा झाला’ किंवा ‘मुलगी झाली’ एवढेच पुष्कळदा आढळते. नोंद होताना बारसे झालेले नसल्याने बाळाला नाव नसे. परिणामी नोंद असूनही ती नेमकी कोणाची, हे पुढे सिद्ध करणे कठीण जाते.

दुसरी नोंद शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील होय. मूल शाळेत आणले की गुरुजी त्याच्या अंगलटीवरून व पालकांच्या सांगण्यावरून वय ठरवीत आणि प्रवेशास योग्य होईल अशी तारीख लिहीत. त्यामुळे महाराष्ट्रातील जुन्या पिढीत १ जून किंवा १ जुलै ही जन्मतारीख असलेल्या व्यक्ती मोठ्या संख्येने आढळतात. हीच तारीख पुढे सेवापुस्तिकेत उतरली आणि निवृत्तीही तिच्यावरून ठरली. महाविद्यालयांच्या कर्मचारीवर्गातही अशी उदाहरणे नवीन नाहीत. या पिढीतील अनेकांचा वाढदिवस घरात नव्हे, तर शाळेत ‘जन्मला’ असे म्हणता येईल.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये जन्माची नोंद सक्तीची झाली. जन्माची माहिती एकवीस दिवसांच्या आत द्यावी लागते. नाव नसताना झालेल्या नोंदीत बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून नाव समाविष्ट करता येते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ नुसार वयाच्या दाखल्याअभावी कोणत्याही बालकास शाळाप्रवेश नाकारता येत नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर मात्र जन्मदाखल्याचे महत्त्व फार वाढले आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, शासकीय नेमणूक आदी प्रयोजनांकरिता जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला ग्राह्य धरावयाचा आहे. पूर्वी गुरुजींच्या लेखणीने भरून निघणारी उणीव आता तशी भरून निघणार नाही. पहिल्या वाढदिवसापूर्वी मुलाचे नाव नोंदीत आले आहे की नाही हे पाहणे, ही म्हणूनच कुटुंबाची मोठी जबाबदारी ठरते.

५. पहिला वाढदिवस आणि बालमृत्यू

सार्वजनिक आरोग्यशास्त्रात पहिल्या वाढदिवसाला एक गंभीर स्थान आहे. एक हजार जिवंत जन्मांमागे पहिला वाढदिवस पाहण्यापूर्वी दगावणाऱ्या बालकांची संख्या म्हणजे अर्भक मृत्युदर. पाच वर्षांखालील बालमृत्युदराची सीमारेषाही पाचवा वाढदिवस हीच आहे. नमुना नोंदणी पाहणीनुसार भारताचा अर्भक मृत्युदर १९७१ मध्ये १२९ होता. २०२० मध्ये तो २८ वर आला. महाराष्ट्रात २०२० मध्ये तो १६ होता. १९७१ च्या सुमारास देशात जन्मलेल्या दर आठ बालकांपैकी साधारणतः एक बालक पहिला वाढदिवस पाहू शकत नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पिढीतील आज्यांच्या औक्षणातील आर्तता उमगते.

हा प्रश्न संपला आहे असे मात्र नाही. अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे मेळघाटचे दोन तालुके कुपोषण व बालमृत्यू यांमुळे १९९० च्या दशकापासून सातत्याने चर्चेत राहिले आहेत. कोरकू आदिवासींच्या या प्रदेशात दुर्गम रस्ते, हंगामी स्थलांतर, लवकर होणारे विवाह आणि मातांमधील रक्तक्षय ही कारणे परस्परांत गुंतलेली आहेत. बैरागड येथे डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांनी अनेक वर्षे केलेल्या वैद्यकीय सेवेची दखल २०१९ मध्ये पद्मश्री पुरस्काराने घेतली गेली. अमरावती शहरातील सभागृहात थाटाने होणारा पहिला वाढदिवस आणि त्याच जिल्ह्याच्या डोंगरी भागात पहिला वाढदिवस गाठण्यासाठी चाललेली धडपड, हे अंतर या विषयाच्या अभ्यासकास दृष्टिआड करता येणार नाही.

येथे ‘वाढ’ या शब्दाचा शास्त्रीय अर्थही लक्षात घ्यावा. अंगणवाडीत मुलाचे वजन वाढीच्या तक्त्यावर नोंदविताना त्याच्या वयाच्या प्रमाणात वजन किती, हे पाहिले जाते. जन्मतारीख चुकली की वय चुकते. वय चुकले की कमी वजनाचे मूल निरोगी किंवा निरोगी मूल कमी वजनाचे ठरू शकते. अचूक जन्मतारीख ही सोहळ्याच्या आधी पोषणाची गरज आहे. वाढदिवशी मुलाचे वजन व उंची घरातील वहीत लिहून ठेवण्याचा साधा परिपाठ या दृष्टीने फार उपयुक्त ठरेल.

६. समारंभाची वऱ्हाडी चिकित्सा

बालसमारंभातील खर्चाचा विचार वऱ्हाडाला नवा नाही. संत गाडगेबाबा म्हणजेच डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. वडील व्यसनाधीनतेमुळे अकाली निवर्तल्यानंतर त्यांचे बालपण आजच्या अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात असलेल्या दापुरा येथे मामाकडे गेले. मुलीच्या बारशाला जातीतील रूढीप्रमाणे मांस व मद्य यांची पंगत देण्याचे नाकारून त्यांनी गोडाचे शाकाहारी जेवण दिले. ही घटना त्यांच्या चरित्रात महत्त्वाची मानली जाते. तिचे दोन पैलू आहेत. एक म्हणजे, समाजसुधारणेची ही सुरुवात सभेत नव्हे, तर स्वतःच्या घरातील बाळाच्या समारंभात झाली. दुसरे म्हणजे, त्यांनी समारंभ नाकारला नाही. त्यातील अपाय नाकारला. मुलीच्या जन्माचा आनंद त्यांनी रूढीइतकाच मोकळेपणाने साजरा केला. पुढे कीर्तनांतून कर्ज काढून सण-समारंभ करू नका आणि पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवा, हा उपदेश ते आयुष्यभर करीत राहिले.

अमरावती जिल्ह्यातीलच यावली येथे ३० एप्रिल १९०९ रोजी जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्मदिन ‘ग्रामजयंती’ म्हणून साजरा होतो. व्यक्तीचा वाढदिवस गावाच्या स्वच्छतेशी, प्रार्थनेशी व श्रमदानाशी जोडण्याची ही कल्पना वाढदिवसाच्या इतिहासात वेगळी उठून दिसते. ‘ग्रामगीते’तही खर्चिक व निरर्थक रूढींचा त्याग करून संस्कारांना शुद्ध रूप देण्याचा विचार मांडलेला आहे. एकाने घरातील समारंभ निर्मळ केला, दुसऱ्याने तो गावापर्यंत नेला, असे या दोन परंपरांचे नाते सांगता येईल.

याच प्रदेशात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची १४ एप्रिलची जयंती लाखो कुटुंबे घरच्या सणाप्रमाणे साजरी करतात. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक बौद्ध घरांत मुलाच्या वाढदिवशी बुद्ध व बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशीलाचे सामूहिक ग्रहण केले जाते. मुस्लिम घरांत सातव्या दिवशीचा अकीका आणि चार वर्षे, चार महिने व चार दिवसांनी अक्षरारंभाचा ‘बिस्मिल्लाह’ हे समारंभ परंपरेने चालत आले आहेत. वाढदिवस हा आज या सर्व समाजांना समान असलेला आणि एकमेकांच्या घरी नेणारा प्रसंग झाला आहे, ही त्याची मोठीच सामाजिक जमेची बाजू होय.

७. केक, मेणबत्ती आणि खर्च

केक व मेणबत्त्यांसह मुलाचा वाढदिवस करण्याची प्रथा अठराव्या शतकातील जर्मन प्रांतांतून युरोपात व पुढे इंग्रजी जगात पसरली. या प्रसंगी सर्वत्र गायिल्या जाणाऱ्या इंग्रजी गीताची चाल पॅटी व मिल्ड्रेड हिल या अमेरिकन भगिनींनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, बालवर्गात म्हणावयाच्या एका गाण्याची आहे. आपल्याकडे इंग्रजी शाळा, चित्रपट, दूरचित्रवाणी आणि गावोगावी निघालेल्या बेकऱ्या यांतून ही पद्धत रुजली.

मेणबत्ती विझविणे अशुभ आणि दिवा लावणे शुभ, असा वाद नेहमी घातला जातो. परंतु एका घरात जी मेणबत्ती फुंकली जाते, तीच दुसऱ्या घरात वंदनेसाठी लावली जाते. प्रतीकाचा अर्थ वापरणाऱ्याच्या भावनेत असतो. खरा प्रश्न खर्चाचा आणि तुलनेचा आहे.

वऱ्हाडाचे अर्थकारण कापूस, सोयाबीन व तूर यांवर उभे आहे. घरात पैसा येतो तो सोयाबीनच्या काढणीनंतर आणि कापसाच्या वेचणीच्या काळात, म्हणजे साधारणतः ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत. याउलट जून-जुलैमध्ये बियाणे, खते, पेरणी आणि विदर्भातील शाळा सुरू होण्याचा खर्च एकदम अंगावर येतो. माघात जन्मलेल्या मुलाचा वाढदिवस सुगीनंतर येतो. आषाढात जन्मलेल्या मुलाचा वाढदिवस उधारीच्या दिवसांत येतो. पंचांगातील एवढ्या अंतराने एकाच घरातील दोन भावंडांच्या वाट्याला वेगवेगळा दिवस येतो आणि मुलांना त्याचे कारण कळत नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधानांच्या विशेष मदत योजनेत विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांचा समावेश होता, त्यांत अमरावती व अकोला हे दोन्ही जिल्हे होते. अशा प्रदेशात शेजाऱ्याच्या बरोबरीने सभागृह, सजावट व पंगत करण्याचे दडपण हा कौतुकाचा नव्हे, चिंतेचा विषय ठरतो.

८. मुलाच्या नजरेतून

पहिला वाढदिवस मुलाला आठवत नाही. बहुतेकांच्या आठवणी साधारणतः तीन-साडेतीन वर्षांच्या वयापासूनच्या असतात. त्यामुळे पहिला वाढदिवस मुख्यतः आई-वडिलांचा व आजी-आजोबांचा असतो, हे प्रांजळपणे मान्य करण्यास हरकत नाही. वर्षभराच्या जागरणानंतर त्यांना तो आनंद मिळालाच पाहिजे. मात्र त्या वयात मूल अनोळखी चेहऱ्यांना बिचकते, मोठ्या आवाजाने घाबरते आणि झोपेची वेळ टळली की रडते. म्हणून लहानशी मंडळी व दिवसाची वेळ त्याला मानवते. दोन वर्षांखालील मुलांना वरून घातलेली साखर टाळावी, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. बोरन्हाणातील बोराच्या बिया, शेंगदाणे व हरभरे लहान मुलांच्या श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो, याचेही भान ठेवावे.

तीन-चार वर्षांच्या मुलाचे जग वेगळे असते. वय व उंची यांची मुले गल्लत करतात, असे स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी दाखविले. जो उंच तो मोठा, असे त्यांना वाटते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॅकलिन वूली यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांपैकी अनेकांना वाढदिवसाच्या समारंभामुळेच वय वाढते असे वाटत असल्याचे आढळले. समारंभ झाला नाही तर आपण मोठे होणार नाही, असा त्याचा अर्थ होतो. ‘वाढदिवस’ हा मराठी शब्द मुलाच्या या समजुतीशी किती जुळतो, हे पाहण्यासारखे आहे. यातून एक व्यावहारिक बोध मिळतो. पैशाअभावी वा दुःखद प्रसंगामुळे वाढदिवस टाळावा लागला तरी या वयाच्या मुलाला ‘यंदा तुझा वाढदिवस नाही’ असे म्हणू नये. पाटावर बसवून केलेले औक्षण आणि वाटीभर शिरा एवढ्यानेही त्याच्या मनातले वर्ष पूर्ण होते.

९. कुटुंबाची भूमिका

नोकरीनिमित्त वऱ्हाडातील तरुण पिढी पुणे, मुंबई व परदेशी गेली आहे. अमरावती किंवा अकोल्यातील आजी-आजोबा नातवाचा वाढदिवस पुष्कळदा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहतात. पडद्यावरून शुभेच्छा पोहोचतात, अक्षता मात्र पोहोचत नाहीत. म्हणूनच वाढदिवसाच्या निमित्ताने मुलाला आजोळी आणणे, आजीकडून त्याच्या जन्माची हकिकत ऐकणे, मामा-आत्यांना त्यात मानाचे स्थान देणे यास आज नवे महत्त्व आले आहे. आपण कोणत्या ऋतूत, कोणत्या घरात जन्मलो, पहिल्यांदा कोणी मांडीवर घेतले, हे मुलाला कुटुंबाखेरीज दुसरे कोणी सांगू शकत नाही.

मुलीचा वाढदिवस हा या संदर्भात कसोटीचा मुद्दा आहे. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण २००१ मध्ये ९१३ होते. २०११ मध्ये ते ८९४ पर्यंत घसरले. या पार्श्वभूमीवर मुलीचा पहिला वाढदिवस मुलाच्या इतक्याच उत्साहाने करणे हे एक सामाजिक विधान ठरते. १ एप्रिल २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठी असलेल्या शासनाच्या ‘लेक लाडकी’ योजनेत पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांतील पात्र मुलीस वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये मिळतात. त्यासाठीही जन्मदाखला लागतो. मुलीच्या बाबतीत समारंभ व नोंद या दोन्ही गोष्टी तिच्या हक्काशी निगडित आहेत.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) बालकाचा वाढदिवस ही केवळ आयात केलेली प्रथा नाही. आयुष्यवृद्धीची जुनी संकल्पना, सामूहिक बालकौतुकाचे लोकाचार आणि आधुनिक केक-पद्धती यांचा तो संगम आहे.

२) बहुजन समाजात हा प्रसंग रुजला तो जन्मनोंद, शाळा व घटता बालमृत्युदर यांमुळे. जन्मतारीख माहीत असणे आणि मूल जगणार याची खात्री असणे, या दोन्ही गोष्टी या समाजाला अलीकडच्या काळातच लाभल्या आहेत.

३) तिथी व तारीख यांत विरोध मानण्याचे कारण नाही, मात्र आरोग्य, शिक्षण व हक्क यांसाठी नोंदीतील तारीखच निर्णायक आहे.

४) समारंभ न नाकारता त्यातील अपाय व कर्ज नाकारण्याचा संत गाडगेबाबांचा मार्ग आजही वऱ्हाडाला सर्वाधिक जवळचा व व्यवहार्य आहे.

५) लहान मुलाच्या दृष्टीने वाढदिवसाचे मोल खर्चात नसून आपली दखल घेतली गेली या अनुभवात आहे.

या संदर्भात महाविद्यालयांनाही काही करता येण्यासारखे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी दत्तक गावातील वर्षाखालील बालकांच्या जन्मनोंदीत नाव समाविष्ट झाले आहे काय, याची पडताळणी करून पालकांना ग्रामपंचायतीपर्यंत नेले, तर ज्या मुलांची पूर्वीची पिढी नावाविनाच कोतवाल बुकात राहिली, त्यांना पहिल्या वाढदिवसाआधी स्वतःचे नाव व तारीख मिळेल. मुलाला याहून मोठी भेट देणे कोणत्याही समारंभास शक्य नाही.